संवादी कमांड-लाइन प्रोग्रामला रंगीत मजकूर देताना : प्रॉम्प्ट, रकाने आणि देवनागरी

वाचनवेल

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी मी पायथनमध्ये एक लहानसा संवादी प्रोग्राम लिहिला आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, तो सुरू केला की प्रॉम्प्ट, म्हणजे ‘आज्ञा द्या’ असे सुचवणारा छोटा मजकूर, येतो आणि देवघेवीच्या टेबलावर बसलेली व्यक्ती ‘दे’, ‘घे’, ‘शोध’, ‘थकीत’ अशा आज्ञा टाइप करून काम करते. संगणक जुना आहे आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात सभासदांची रांग असते, त्यामुळे माउसपेक्षा कीबोर्डवरचे काम सर्वांनाच सोयीचे वाटते. वर्षभर हा प्रोग्राम काळ्या-पांढऱ्या अक्षरांत बिनतक्रार चालला.

मागच्या महिन्यात ग्रंथपाल बाईंनी एक रास्त अडचण सांगितली. सभासदाची माहिती पडद्यावर आली की त्याची अनामत शिल्लक आहे की नाही आणि एखादे पुस्तक मुदतीबाहेर गेले आहे का, हे सगळा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही आणि घाईत ते निसटते. म्हणून मी प्रॉम्प्ट हिरवा केला आणि थकीत पुस्तकांच्या नोंदींतील ‘थकीत’ हा शब्द लाल केला. त्यासाठी मजकुराच्या आधी रंगाचा एस्केप संकेत (टर्मिनलला रंग बदलायला सांगणारे काही वर्ण) आणि नंतर रंग काढून टाकणारा संकेत, एवढेच जोडले. तेव्हापासून तीन गोष्टी बिघडल्या आहेत.

पहिली म्हणजे लांब आज्ञा टाइप केली की ती खिडकीच्या कडेला पोहोचण्याआधीच मोडते आणि पुढची अक्षरे त्याच ओळीवर उमटू लागतात. वरचा बाण दाबून जुन्या आज्ञा परत आणल्या, तर आधीच्या आज्ञेची काही अक्षरे पडद्यावर चिकटून राहतात. ती पुसता येत नाहीत आणि आज्ञेत ती असतातच असेही नाही. दुसरी म्हणजे यादीचे रकाने वेडेवाकडे झाले आहेत. तिसरी म्हणजे थकीत यादी फाइलमध्ये उतरवून आम्ही सूचना फलकासाठी छापतो, त्या कागदावर आता प्रत्येक ओळीत चौकटी कंस, ३१ आणि एम असा कचरा दिसतो.

काम लिनक्सवर चालते, पण घरून मदत करणाऱ्या एका स्वयंसेवकाकडे विंडोज आहे. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे असे वाटते, पण ते नेमके सापडत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

अडकित्ता

आपला अंदाज बरोबर आहे, मूळ एकच आहे. रंगाचा संकेत हा मजकुराचाच भाग असतो. ‘एस्केप, चौकटी कंस, ३१, एम’ हे पाच वर्ण आपला प्रोग्राम इतर अक्षरांसारखेच बाहेर पाठवतो आणि त्यांचा अर्थ फक्त टर्मिनल लावते. टर्मिनलच्या आधी त्या मजकुराला जो कोणी हात लावतो, मग ते लांबी मोजणारे फंक्शन असो, ओळ संपादित करणारी लायब्ररी असो किंवा फाइल असो, त्याच्या दृष्टीने ते पाच साधे वर्ण असतात. ही पद्धत १९७० च्या दशकातील आहे. अशा संकेतांचे इक्मा-४८ हे प्रमाण १९७६ साली पहिल्यांदा निघाले आणि १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळे तशा संकेतांचा सर्वत्र प्रसार झाला. तेव्हा संगणक आणि टर्मिनल यांच्यात एकच तार असे, म्हणून मजकूर आणि आज्ञा एकाच प्रवाहातून पाठवाव्या लागत. आज आपल्याला ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांचे बीज या एकत्र प्रवाहात आहे.

आता प्रॉम्प्टकडे येऊ, कारण संवादी प्रोग्रामला रंग देताना सर्वांत जास्त माणसे तिथेच अडखळतात आणि नेमके तेच शिकवणीच्या लेखांतून सुटलेले असते. पायथनमध्ये रीडलाइन, म्हणजे टाइप होणारी ओळ संपादित करणारी लायब्ररी, आयात केली असेल, तर ‘इनपुट’ फंक्शनला दिलेला प्रॉम्प्ट रीडलाइनकडे जातो. बाण दाबून मागची आज्ञा आणणे, ओळीच्या मध्ये जाऊन खोडणे, लांब ओळ पुढच्या ओळीवर नेणे ही सगळी कामे रीडलाइन करते. त्यासाठी कर्सर कोणत्या रकान्यात आहे हे तिला सतत ठाऊक असावे लागते. ते ती टर्मिनलला विचारत नाही, स्वतः मोजते, आणि त्या मोजणीची सुरुवात प्रॉम्प्टच्या रुंदीपासून होते. आपल्या हिरव्या प्रॉम्प्टमध्ये सुरुवातीचे पाच आणि रंग काढणारे चार असे नऊ अदृश्य वर्ण आहेत. रीडलाइन ते दिसणारे वर्ण समजते आणि कर्सर प्रत्यक्षापेक्षा नऊ रकाने पुढे आहे असे धरून चालते. म्हणून ओळ नऊ रकाने आधीच मोडते आणि जुनी आज्ञा पुसताना पुसणे चुकीच्या जागेपासून होते.

यावरचा उपाय रीडलाइनमध्येच आहे. प्रॉम्प्टमधील प्रत्येक अदृश्य तुकड्याच्या आधी मूल्य १ असलेला नियंत्रण-वर्ण आणि नंतर मूल्य २ असलेला नियंत्रण-वर्ण घालावा. या दोन खुणांमधील मजकूर पडद्यावर जातो, पण रुंदीत धरला जात नाही. लिनक्सवर आज्ञा घेणाऱ्या बॅश या प्रोग्रामच्या प्रॉम्प्टमध्ये रंगाभोवती उलट्या तिरक्या रेघेसह चौकटी कंस लिहितात, त्यांचे काम हेच आहे. खुणा प्रत्येक संकेताभोवती स्वतंत्रपणे घालाव्यात. पूर्ण प्रॉम्प्टभोवती एकच जोडी घातली, तर दिसणारी अक्षरेही मोजणीतून वगळली जातील आणि चूक उलट दिशेने होईल.

तिफण

अडकित्ता यांनी प्रॉम्प्टचे नीट सांगितले आहे. मी रकान्यांबद्दल लिहितो, कारण मराठी मजकुराच्या बाबतीत तिथे दोन चुका एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय उलगडा होत नाही.

पहिली चूक रंगाची. लाल रंगात लिहिलेला ‘चूक’ हा शब्द घ्या. पायथनला त्या स्ट्रिंगची लांबी विचारली तर उत्तर १२ येते. रंगाचे पाच, च, दीर्घ ऊकार आणि क हे तीन, आणि रंग काढण्याचे चार. रकाना १५ वर्णांचा करा असे सांगितले, तर पायथन फक्त तीन जागा मोकळ्या सोडतो आणि पडद्यावर तो रकाना आखडलेला दिसतो. त्यामुळे आधी साधा मजकूर हव्या त्या रुंदीपर्यंत जागा घालून भरावा आणि मग त्या भरलेल्या तुकड्याला रंग द्यावा. या क्रमात रंगाचे वर्ण मोजणीत येतच नाहीत.

दुसरी चूक देवनागरीची, आणि ती रंग काढून टाकला तरी राहते. वरच्या उदाहरणात शब्दाची लांबी तीन आली, पण डोळ्यांना तिथे ‘चू’ आणि ‘क’ ही दोनच अक्षरे दिसतात. ऊकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह हे युनिकोडमध्ये जागा न घेणाऱ्या चिन्हांच्या वर्गात आहेत, तर काना, वेलांट्या आणि काना-मात्रा ही जागा घेणारी जोडचिन्हे मानली आहेत. प्रत्यक्ष टर्मिनल त्यांना किती जागा देते हे टर्मिनलवर अवलंबून असते, आणि ‘ज्ञानेश्वरी’सारख्या जोडाक्षरांच्या शब्दाची रुंदी दोन टर्मिनलांमध्ये दोन प्रकारची आढळू शकते. लांबी मोजण्यासाठी पायथनच्या नेहमीच्या फंक्शनऐवजी ‘डब्ल्यूसीविड्थ’ ही लायब्ररी वापरली, तर उत्तर वास्तवाच्या बरेच जवळ येते, पण प्रत्येक टर्मिनलशी ते जुळेलच अशी खात्री देता येत नाही.

म्हणून मी स्वतः दोन गोष्टी पाळतो. दाखल क्रमांक, परतीची तारीख, उशिराचे दिवस असे अंकांचे रकाने आधी ठेवतो आणि पुस्तकाचे किंवा सभासदाचे नाव सर्वांत शेवटी. नावाची रुंदी चुकली तरी तिच्या पुढे ढकलला जाईल असा रकानाच उरत नाही. नाव मध्येच हवे असेल, तर नाव छापून झाल्यावर जागा मोजत बसण्याऐवजी ‘एस्केप, चौकटी कंस, रकान्याचा क्रमांक, मोठा जी’ हा संकेत पाठवतो. तो कर्सरला थेट त्या रकान्यात नेतो, त्यामुळे मोजणी ज्याची त्याने करायची, म्हणजे टर्मिनलने, असे होते. मात्र तो संकेत फाइलमध्ये गेला तर रंगासारखाच कचरा होईल.

याच कारणासाठी प्रॉम्प्टही शक्यतो लहान ठेवावा. देवनागरीतील लांबलचक प्रॉम्प्ट असेल, तर रंगाच्या खुणा अचूक घालूनही कर्सर एखाद-दोन रकाने चुकताना मी पाहिला आहे.

दीपमाळ

छापील कागदावरील कचऱ्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे, पण ते प्रोग्राममध्ये एकाच जागी बसवावे लागते.

रंग द्यावा की नाही हा निर्णय मजकूर कुठे चालला आहे यावर ठरतो. पायथनमध्ये मानक निर्गम प्रवाहाला, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर ज्यातून बाहेर जातो त्या वाटेला, ‘इज-ए-टीटीवाय’ (समोर टर्मिनल आहे का) हा प्रश्न विचारता येतो. समोर टर्मिनल असेल तर उत्तर होकारार्थी येते, फाइल किंवा पाइप (मजकूर दुसऱ्या प्रोग्रामकडे नेणारी जोडणी) असेल तर नकारार्थी. चुकांचे संदेश वेगळ्या प्रवाहातून जात असतील, तर तो प्रश्न त्या प्रवाहाला स्वतंत्रपणे विचारावा, कारण यादी फाइलमध्ये आणि इशारे पडद्यावर अशी विभागणी नेहमीच होते.

यावर वापरणाऱ्याची इच्छा बसवावी लागते. ‘नो_कलर’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामबाहेर ठेवलेली, सर्व प्रोग्रामना वाचता येणारी सेटिंग) असेल आणि तो रिकामा नसेल, तर त्याचे मूल्य काहीही असो, रंग देऊ नये, असा संकेत २०१७ पासून रुजला आहे आणि पुष्कळ साधने तो पाळतात. टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या ‘टर्म’ या व्हेरिएबलचे मूल्य ‘डंब’, म्हणजे असे संकेत न समजणारे, असेल तरीही रंग देऊ नये. आणि या सर्वांच्या वर, प्रोग्राम सुरू करताना देता येईल असा एक पर्याय ठेवावा, ज्याची मूल्ये ‘आपोआप’, ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ अशी तीन असतील. लिनक्सच्या ‘एलएस’ आणि ‘ग्रेप’ या आज्ञांमध्ये हेच तीन पर्याय आहेत. ‘नेहमी’ची गरज कधी पडते असे वाटेल, तर यादी ‘लेस’ या मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहायची असते तेव्हा. त्या वेळी प्रवाह पाइपमध्ये जातो, प्रोग्रामला टर्मिनल दिसत नाही, पण शेवटी वाचणारा टर्मिनलसमोरच बसलेला असतो. ‘लेस’लाही मोठ्या आरचा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर ते संकेत जसेच्या तसे उघडे दाखवते.

हा निर्णय एका फंक्शनमध्ये एकदाच घ्यावा. बाकीच्या प्रोग्रामने ‘हा मजकूर थकीत आहे’ किंवा ‘हा प्रॉम्प्ट आहे’ एवढेच सांगावे आणि रंगाचा आकडा त्या एका फंक्शनलाच ठाऊक असावा. प्रोग्रामभर ३१ आणि ३२ विखुरलेले असले, की पुढे एक रंग बदलण्यासाठीसुद्धा सगळा मजकूर चाळावा लागतो.

वाचनवेल

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून तिन्ही बदल केले. प्रॉम्प्टमध्ये खुणा घातल्या आणि वरचा बाण पन्नास वेळा दाबून पाहिला, एकही अक्षर चिकटले नाही. नावाचा रकाना शेवटी नेला. यादी फाइलमध्ये स्वच्छ उतरते.

लिनक्सवर सर्व ठीक झाले, पण स्वयंसेवकाच्या विंडोजवर नवीच गोष्ट दिसते. प्रॉम्प्टच्या दोन्ही बाजूंना हसऱ्या चेहऱ्यांची लहान चिन्हे उमटतात, आणि रंगाऐवजी डावीकडे जाणारा बाण व कंस दिसतो. खुणा घालण्यापूर्वी चेहरे नव्हते, बाण मात्र होता.

अडकित्ता

ती चिन्हे म्हणजे आपण घातलेल्या खुणाच आहेत. विंडोजच्या जुन्या वर्णसंचात मूल्य १ आणि मूल्य २ यांच्या जागी हसरे चेहरे आहेत. विंडोजवरील पायथनसोबत रीडलाइन मॉड्यूल येत नाही, त्यामुळे त्या खुणा गिळून टाकणारे कोणी नसते आणि त्या थेट पडद्यावर जातात. मी हे आधीच सांगायला हवे होते. रीडलाइन आयात झाली असेल तरच खुणा घालाव्यात. आयात फसली की तो प्रसंग पकडून ‘रीडलाइन आहे का’ हे लक्षात ठेवणारा एक व्हेरिएबल ‘नाही’ असा करावा आणि प्रॉम्प्ट बनवणाऱ्या फंक्शनने तो पाहावा.

बाणाचे कारण वेगळे आहे. विंडोजच्या कन्सोलने हे संकेत समजून घ्यायला विंडोज १० मध्ये, २०१५ च्या अखेरीस सुरुवात केली, आणि आजही प्रोग्रामने कन्सोलला तशी विनंती करावी लागू शकते. ‘सेट-कन्सोल-मोड’ या फंक्शनमधून ४ या मूल्याचा झेंडा चढवला की संकेत समजले जातात. पायथनमध्ये ‘कलरामा’ या लायब्ररीतील ‘जस्ट फिक्स विंडोज कन्सोल’ हे एक फंक्शन सुरुवातीला बोलावले, तर ते काम होते आणि लिनक्सवर ते काहीही करत नाही.

करडई

हा सगळा खटाटोप वाचताना एक प्रश्न मनात येतो. ‘रिच’ ही लायब्ररी रंग, तक्ते आणि प्रवाहाची तपासणी हे सर्व सांभाळते, आणि ‘प्रॉम्प्ट टूलकिट’ प्रॉम्प्टची रुंदी स्वतः नीट मोजते व विंडोजवरही चालते. असे असताना प्रत्येकाने हे खाचखळगे पुन्हा का भरावेत? मी नोकरीत अशा साधनांची देखभाल करते आणि माझा अनुभव असा आहे, की हाताने लिहिलेल्या रंगांच्या वीस ओळी दोन वर्षांत दोनशे होतात.

दीपमाळ

मोठ्या प्रोग्रामसाठी आपला सल्ला मीही देईन. पण वाचनालयाच्या जुन्या संगणकावरील तीनचारशे ओळींच्या प्रोग्रामसाठी मला तो पटत नाही. परक्या लायब्ररीबरोबर तिची देखभालही आपल्या दारी येते. जानेवारी २०२२ मध्ये नोडच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोग्रामांच्या, जगातील ‘कलर्स’ या रंगांच्या अतिशय प्रचलित लायब्ररीच्या मूळ लेखकानेच तिच्यात कधीही न संपणारे चक्र घातले आणि तिच्यावर विसंबणारे कित्येक प्रोग्राम निरर्थक अक्षरे ओकू लागले. दोन रंगांसाठी एवढे अवलंबित्व घ्यावे का, हे ज्याने त्याने आपल्या कामाच्या आकारावरून ठरवावे.

करडई

त्या प्रसंगावरचा उपाय आवृत्ती गोठवून ठेवणे हा आहे, लायब्ररी टाळणे हा नव्हे. तरीही या प्रोग्रामच्या आकाराचा मुद्दा मला मान्य आहे. उद्या आज्ञा टाइप करतानाच पुस्तकांची नावे सुचवावीत अशी मागणी आली, तर मात्र ‘प्रॉम्प्ट टूलकिट’चा विचार अवश्य करावा.

आता रंगांच्या निवडीविषयी थोडे, कारण त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही आणि माझ्या मते वापरणाऱ्याच्या दृष्टीने तोच मुख्य भाग आहे. ३० ते ३७ हे आकडे रंगांची नावे सांगतात, छटा सांगत नाहीत. छटा टर्मिनलच्या रंगसंगतीतून येते. त्यामुळे आपल्याकडे ठसठशीत दिसणारा पिवळा पांढऱ्या पार्श्वभूमीवर नाहीसा होतो. विंडोजच्या कन्सोलमधील निळा काळ्यावर इतका अंधुक होता, की २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मुद्दाम उजळ केला. ‘सोलराइज्ड’ या लोकप्रिय रंगसंगतीच्या गडद रूपात तर ९० हा ‘उजळ काळा’ पार्श्वभूमीच्याच रंगाचा आहे, म्हणजे कमी महत्त्वाचा मजकूर करडा दिसावा म्हणून तो वापरला, तर तिथे काहीच दिसत नाही. २५६ रंगांतील किंवा पूर्ण लाल-हिरव्या-निळ्या मूल्यांचा रंग वापरला तर छटा आपल्या हाती येते, पण पार्श्वभूमी तरीही वापरणाऱ्याचीच असते. पार्श्वभूमीचा रंग देणार असाल, तर अक्षरांचाही द्या. दोहोंपैकी एकच दिला, तर दुसरा काय असेल ते आपल्याला ठाऊक नसते.

आणि लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसे आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर हे प्रमाण सुमारे बारांत एक आहे. वाचनालयात टेबलावर रोज वेगळी व्यक्ती बसते. ‘थकीत’ हा शब्द लिहिलेला असावा आणि रंगाने तो फक्त उठून दिसावा. मजकूर काढून नुसता लाल ठिपका ठेवण्याचा मोह टाळावा.

तिफण

दोन बारीक गोष्टी राहिल्या आहेत. कंट्रोल-सी दाबून काम मध्येच थांबवले, तर कधी कधी रंग काढणारा संकेत पाठवायचा राहतो आणि टर्मिनल लालच राहते. मुख्य चक्राभोवती ‘फायनली’ (काम कसेही थांबले तरी शेवटी चालणारा पायथनचा भाग) घालून तिथे शून्याचा संकेत पाठवावा. तसेच रंग ओळ संपण्यापूर्वीच काढावा. पार्श्वभूमीचा रंग चालू असताना नवी ओळ आली आणि पडदा वर सरकला, तर काही टर्मिनले नवी ओळ कडेपर्यंत त्याच रंगात रंगवतात.

दुसरे म्हणजे पुस्तकांची नावे कुठून येतात ते पाहावे. ती एखाद्या फाइलमधून किंवा संकेतस्थळावरून उतरवून घेतली असतील, तर त्यांतही एस्केप संकेत दडलेले असू शकतात. अशा नावाने पडदा पुसला जाऊ शकतो किंवा खिडकीचे शीर्षक बदलू शकते. नोंद करतानाच ३२ पेक्षा कमी मूल्याचे आणि १२७ ते १५९ या मूल्यांचे वर्ण गाळून टाकावेत. देवनागरीची मूल्ये याच्या कितीतरी पुढे, २३०४ पासून सुरू होतात, त्यामुळे मराठी मजकुराला याचा धक्का लागत नाही. मात्र जोडाक्षरांसाठी लागणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह कचरा समजून गाळू नये, नाहीतर ‘ऱ्या’सारख्या अक्षरांचे काही ठिकाणी केलेले लेखन बिघडेल.

वाचनवेल

स्वयंसेवकाकडे चेहरे आणि बाण दोन्ही गेले. ‘कलरामा’ फक्त विंडोजवरच लागावी अशी सोय ठेवली, म्हणजे वाचनालयातील संगणकावर नवीन काही बसवावे लागले नाही.

करडई यांचे वाचून ग्रंथपाल बाईंना मी पडदा दाखवला आणि लाल-हिरव्याबद्दल विचारले. शनिवारी टेबलावर बसणाऱ्या निवृत्त शिक्षकांना प्रॉम्प्टचा हिरवा आणि थकीतचा लाल सारखेच दिसतात, हे त्यांनी तेव्हाच सांगितले, आम्हाला ते कधी कळलेच नव्हते. आता प्रॉम्प्टचा रंग काढून तो नुसता ठळक ठेवला आहे, आणि ‘थकीत’ हा शब्द उलट्या रंगात, म्हणजे ७ या संकेताने, दाखवला आहे. तो त्यांच्या गडद आणि माझ्या पांढऱ्या अशा दोन्ही खिडक्यांमध्ये वाचता येतो. उशिराचे दिवस तीसपेक्षा जास्त असतील तेवढ्याच ओळींना लाल रंग राहिला आहे, आणि त्या ओळींत दिवसांचा आकडाही लिहिलेला असतो.

नोंदीतील नियंत्रण-वर्ण गाळण्याचे काम सुरू केले. जुन्या याद्यांतून आयात केलेल्या नावांपैकी तीन नावांत खरोखरच असे वर्ण सापडले. दोन नावांच्या शेवटी ओळ परत नेणारा वर्ण होता आणि तिसऱ्यात टॅब. त्या तीन पुस्तकांच्या ओळी रंग देण्याच्याही आधीपासून यादीत विस्कटत होत्या, आणि तेव्हा आम्ही त्याचा दोष देवनागरीला दिला होता.